कंपनीचं सांडपाणी आणि गावाचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रंग-रसायनांच्या एका कारखान्यात ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पावर, केमिस्ट म्हणून बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर एमआयडीसीच्या आसपासच्या गावांतून प्रश्न येऊ लागले. कधी सरपंच विचारतात, कधी सोसायटीचे सेक्रेटरी, कधी एखादा कामगार नाव न सांगता फोन करतो, आणि अधूनमधून छोट्या कारखान्याचे मालकही. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. जिथे दोन उत्तरं एकमेकांत गुंततात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कंपनीची नैतिक जबाबदारी म्हणजे नेमकं काय? कायदा पाळला की संपलं ना?

कायदा म्हणजे जोतं. घर त्याच्या वर बांधायचं असतं. कायद्यात जी रसायनं मोजायला सांगितलेली नाहीत तीही नाल्यातून वाहतात, आणि ती कोणती, हे कारखान्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं. कच्चा माल काय आला, रिअॅक्टरमध्ये काय झालं, ड्रममध्ये काय उरलं, सगळी नोंद कंपनीच्याच वहीत असते. गावाकडे असतो फक्त वास आणि खोकला.

म्हणून मी नैतिक जबाबदारीची व्याख्या ज्ञानापासून सुरू करतो. आपल्या कुंपणाबाहेर काय जातं आणि त्याने माणसाला काय होतं, हे कंपनीने स्वतःहून माहीत करून घ्यायचं; आणि कळल्यावर दडवायचं नाही. यंत्रणा बसवणं, उत्पादन थांबवणं, भरपाई देणं, हे पुढचं सगळं त्यातून निघतं. न कळण्याची सोय करून ठेवणं हीसुद्धा लबाडीच. तपासणीच केली नाही की अहवाल वाईट येत नाही.

2. तुम्ही बोलताना मिनामाताचं नाव सारखं घेता. तिथे काय झालं होतं?

जपानच्या क्युशू बेटावर मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव. तिथे चिस्सो कंपनीचा कारखाना 1932 पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवत होता. त्या प्रक्रियेत पारा वापरायचे आणि पाऱ्याचं सांडपाणी खाडीत सोडायचे. पारा माशांत गेला, मासे कोळ्यांच्या ताटात. आधी मांजरं वेड्यासारखी गरगरून मरू लागली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, दिसेनासं झालं, बोलणं अडखळू लागलं. 1 मे 1956 रोजी कंपनीच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेचा हा अनोळखी आजार सरकारी आरोग्य कार्यालयाला कळवला. इथपर्यंत कंपनीच्या डॉक्टरने आपलं काम चोख केलं.

पुढची गोष्ट महत्त्वाची. 1958 मध्ये कंपनीने सांडपाण्याची दिशा बदलून ते नदीच्या मुखाशी सोडायला सुरुवात केली, आणि तिथल्या वस्त्यांमध्ये नवे रुग्ण दिसू लागले. 1959 च्या उन्हाळ्यात कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी मांजरांच्या खाण्यावर टाकून पाहिलं. ऑक्टोबरमध्ये 400 क्रमांकाच्या मांजराला अगदी तोच आजार झाला. कंपनीने प्रयोग थांबवला आणि निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरमध्ये एक नवं शुद्धीकरण यंत्र थाटामाटात सुरू केलं. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं.

पाऱ्याची ती प्रक्रिया 1968 मध्ये बंद झाली आणि सरकारने कारणही त्याच वर्षी अधिकृतपणे मान्य केलं. मधली नऊ वर्षं खाडीत पारा जात राहिला. 1965 मध्ये जपानमधल्याच निगाता इथे दुसऱ्या कंपनीच्या सांडपाण्यामुळे हाच आजार पुन्हा उद्भवला. मांजर क्रमांक 400 ची वही तेव्हाच उघडी पडली असती तर निगाताच्या लोकांना आधी सूचना मिळाली असती.

3. "आमच्याकडे बोर्डाचं संमतीपत्र आहे," असं कंपनी म्हणते. मग आम्ही काय बोलणार?

आधी ते संमतीपत्र वाचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे लोकांच्या भाषेत बोर्ड, कारखान्याला आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती देतं. ती बिनशर्त नसते. कोणतं उत्पादन किती टन, सांडपाणी रोज किती घनमीटर, धुराडं किती उंच, घातक कचरा कुठे पाठवायचा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठीची सर्वसाधारण मर्यादा बीओडी 30, सीओडी 250 आणि तरंगते कण 100 मिलिग्रॅम प्रति लिटर, सामू (पीएच) 5.5 ते 9. बीओडी आणि सीओडी ही पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची मापं. तुमच्या कारखान्याच्या संमतीपत्रात अट याहून कडकही असू शकते.

माझा अनुभव असा की आकड्यांपेक्षा दोन ओळी जास्त बोलतात. एक, मंजूर उत्पादन. संमती एका मालाची आणि गेटमधून ट्रक दुसऱ्याच मालाचे भरून जातात, असं होतं. दोन, पाण्याचं प्रमाण. मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटर अशी असते, त्यामुळे सांडपाण्यात बोअरचं स्वच्छ पाणी ओतलं की आकडा आपोआप खाली येतो. नाल्यात गेलेलं विष तेवढंच राहतं. आमच्याकडे याला "पातळ करणं" म्हणायचे, आणि ते कोणाला लाजिरवाणं वाटायचं नाही.

सगळ्या अटी खरोखर पाळूनही त्रास होत असेल तर प्रश्न 12 पाहा.

4. वास रात्री येतो. अधिकारी सकाळी येतात तेव्हा काहीच नसतं. आम्ही खोटे ठरतो.

तुम्ही खोटे नाही. वास सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात: रात्री उशिरा, शनिवार-रविवार, सणाची सुट्टी, आणि पावसाळ्याचा पहिला जोरदार पाऊस. पहिल्या पावसात तर नाल्याला इतकं पाणी असतं की टाकी रिकामी केली तरी कोणाला कळत नाही. थंडीत हवा खाली दबून राहते म्हणून तेव्हा सुटलेला वायू वस्तीतच साचतो.

एक दोनशे पानी वही घ्या. रोजची तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वासाचं वर्णन (सडकी अंडी, नेलपॉलिश, कोबी, जळका रबर), किती वेळ टिकला, कोणाला काय त्रास झाला. वेगवेगळ्या गल्लीतल्या चार घरांनी स्वतंत्रपणे लिहा. दोन-तीन महिन्यांत त्या वहीत वेळापत्रक दिसायला लागतं. मग तक्रारीत "फार वास येतो" लिहू नका. "गेल्या नऊ शनिवारांपैकी सात शनिवारी रात्री एक ते तीन, वारा पश्चिमेकडून" असं लिहा आणि त्याच वेळी नमुना घ्यायची मागणी करा. बोर्डाचे लोक जो नमुना घेतात त्याला जेव्हीएस म्हणतात. कायद्याने कारवाई व्हायची तर नमुना त्यांनीच, ठरलेल्या पद्धतीने, सीलबंद घ्यावा लागतो. तुमची बाटली फक्त सुरुवात करून देते.

5. वास नाही म्हणजे प्रदूषण नाही, असं समजायचं का?

नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पाण्यातल्या पाऱ्याला किंवा आर्सेनिकला चव नसते. सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तर याहून कपटी. प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो आणि माणसाला वाटतं, गेला वास. ड्रेनेजच्या टाकीत उतरलेले कामगार असेच जातात.

6. आमच्या आळीत दमा वाढलाय, कॅन्सरचे रुग्ण वाढलेत. हे कंपनीमुळेच, हे सिद्ध कसं करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात कठीण आहे.

एका माणसाचा एक आजार एका धुराड्याला बांधणं बहुतेक वेळा शक्य नसतं. दम्याला घरातली चूलही कारण असते, कॅन्सरला तंबाखूही. अॅस्बेस्टॉससारख्या धुळीचा आजार तर संपर्कानंतर वीस-तीस वर्षांनी उघड होतो. म्हणून "बापूंना कंपनीमुळे झालं" या वाक्यावर कंपनीचा वकील दोन मिनिटांत तुम्हाला गप्प करेल. आजार समूहात शोधावा लागतो: कारखान्याजवळच्या वाडीत आणि दहा किलोमीटरवरच्या तशाच वाडीत फरक आहे का, वाऱ्याच्या दिशेला जास्त आहे का, कारखाना वाढल्यावर वाढला का.

त्यासाठी लागणारी माहिती गावात असते, फक्त विखुरलेली. प्राथमिक आरोग्य केंद्राचं ओपीडी रजिस्टर, आशाताईंच्या नोंदी, शाळेतली गैरहजेरी, औषधाच्या दुकानात किती इन्हेलर खपतात. आणि कारखान्यातले कामगार. बाहेर थोडं जातं, आत भरपूर असतं, त्यामुळे पहिले आजारी पडतात ते आतले. मिनामातात मांजरांनी आधी सांगितलं होतं. इथे अनेकदा कंत्राटी कामगार सांगतात, पण त्यांची नावं कंपनीच्या दवाखान्याच्या रजिस्टरवरसुद्धा नसतात.

आता नैतिक बाजू. "आधी सिद्ध करा" हे गावाला सांगणं उलटं आहे. 1996 मध्ये तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचं तत्त्व मान्य केलं आणि आपलं काम पर्यावरणाला घातक नाही हे दाखवायचा भार उद्योगावर टाकला. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्याचं 20 वं कलम हेच तत्त्व लवादाला बंधनकारक करतं. ज्याच्याकडे वही आहे त्यानेच ती उघडायची. जी कंपनी स्वतःच्या खर्चाने, पण स्वतःच्या हाताबाहेरच्या संस्थेकडून, गावाची आरोग्य तपासणी करून घेते आणि अहवाल मराठीत चावडीवर लावते, तिला मी प्रामाणिक म्हणेन. अशी कंपनी मला अजून भेटायची आहे.

7. कंपनीने गावात दवाखाना काढला, शाळेला संगणक दिले. मग तक्रार करणं कृतघ्नपणा नाही का?

मुळीच नाही. कंपनी कायदा 2013 च्या 135 व्या कलमानुसार ज्यांची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा नफा 5 कोटींवर आहे, अशा कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात. हा सीएसआर. दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणं बंधनकारक आहे तो खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, हे त्याच नियमांत लिहिलं आहे. म्हणजे ईटीपी हा सीएसआर नाही, आणि सीएसआर हा ईटीपीला पर्याय नाही. संगणक घ्या, आभार माना, आणि नाल्याबद्दल विचारा.

मला खटकतो तो दवाखाना. कंपनीच्या दवाखान्यातला डॉक्टर खोकल्याचं औषध देतो, पण खोकला कशाने झाला ते लिहीत नाही. रजिस्टर कंपनीच्या कपाटात राहतं. गावाने एवढी तरी अट घालावी की रुग्णांच्या नोंदी, नावं वगळून, दर महिन्याला सरकारी आरोग्य केंद्रालाही जातील.

8. कंपनी घरटी पैसे देतेय, पण एका कागदावर सही मागते. करावी का?

वाचल्याशिवाय अजिबात नाही. 30 डिसेंबर 1959 ला मिनामाताच्या रुग्णांनी असाच कागद केला होता. जपानी भाषेत त्या रकमेला "मिमाइकिन" म्हणतात. आपण आजाऱ्याची विचारपूस करायला गेलो की उशाशी जे पैसे ठेवतो, तसा अर्थ. मेलेल्या माणसामागे 3 लाख येन. आणि कागदात कलम असं, की पुढे कारखान्याचं सांडपाणीच कारण ठरलं तरी जास्त भरपाई मागायची नाही. तेव्हा मांजर 400 ला आजार होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. कारण काय, हे कंपनीला ठाऊक होतं आणि समोरच्याला नव्हतं.

1973 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो करार सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला आणि प्रत्येक रुग्णाला 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख येन द्यायला लावले. पण त्याला तेराहून जास्त वर्षं लागली.

तातडीची मदत घ्यायला हरकत नाही. पावतीवर "तात्पुरती मदत, हक्क राखून" असं लिहा. "पुढे कोणताही दावा करणार नाही" अशा अर्थाचं वाक्य दिसलं की कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा. इंग्रजीतल्या कागदावर अंगठा देऊ नका, आजीलाही देऊ देऊ नका.

9. माझा छोटा कारखाना आहे. आम्ही सगळं पाणी सीईटीपीला पाठवतो, पैसे भरतो. पुढे नदीत काय जातं त्याला मी कसा जबाबदार?

मालकांकडून येणारा हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणारा निदान विचार करतोय. सीईटीपी म्हणजे सामाईक केंद्र ठरावीक ताकदीच्या सांडपाण्यासाठी बांधलेलं असतं. त्यातलं काम बरंचसं जिवाणू करतात. तुम्ही प्राथमिक प्रक्रिया न करता तीव्र आम्ल किंवा द्रावकं ढकललीत तर जिवाणू मरतात, आणि मग शेजारच्या पन्नास कारखान्यांचं बरं पाणीही तसंच नदीत जातं. तुमचा एक ड्रम सगळ्यांची टाकी नासवतो.

दुसरं, टँकर. "अमुक माणूस कमी पैशात नेतो" हे वाक्य ऐकलं की समजा की तो टँकर घाटात किंवा नाल्यावर रिकामा होतो. स्वस्त का, हे न विचारणं ही निवड तुमची आहे.

तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे तिथले मच्छीमार, हरित लवादात गेले. जानेवारी 2022 च्या आदेशात लवादाने सीईटीपीबरोबर शंभराहून जास्त कारखान्यांनाही भरपाईत धरलं.

10. मी याच कंपनीत आहे. रात्री बायपास व्हॉल्व्ह उघडतात, पाणी शुद्ध न करताच बाहेर सोडतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. बोललो तर नोकरी जाईल.

जाऊ शकते. खोटा धीर देत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी फ्लोमीटरच्या, म्हणजे किती पाणी बाहेर गेलं ते मोजणाऱ्या यंत्राच्या, वहीत मी खरा आकडा लिहिला. साहेबांनी पान फाडलं नाही, मला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, "अक्षर नीट काढत जा, नवीन वहीत परत लिही." मी लिहिलं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. कोणी फोनवर दबक्या आवाजात बोलू लागलं की मला ती नवीन वही आठवते.

जमण्यासारखं काय आहे? स्वतःच्या डायरीत, कंपनीच्या नव्हे, तारीख-वेळ लिहून ठेवा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर कायद्याने तिला तक्रारीची आतली व्यवस्था ठेवावी लागते, आणि अपवादात्मक परिस्थितीत थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता येतं. बाहेरच्या कोणाला नेमकी कोणती कागदपत्रं मागायची हे सांगणं, हीसुद्धा मदतच. माहिती अधिकाराचा अर्ज दुसऱ्या तालुक्यातला माणूसही करू शकतो. डॉ. होसोकावा बरीच वर्षं गप्प राहिले. 1970 मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना, त्यांनी रुग्णालयातून मांजर 400 बद्दल साक्ष दिली. त्याच वर्षी ते वारले. रुग्णांच्या खटल्याला ती साक्ष उपयोगी पडली.

11. कारखाना आधी आला, वस्ती नंतर झाली. मग चूक लोकांचीच ना?

हे डोंबिवलीबाबत हमखास ऐकू येतं. 26 मे 2016 चा प्रोबेस कंपनीतला स्फोट आणि 23 मे 2024 चा अमुदान कंपनीतला स्फोट, दोन्हींनंतर ऐकलं. धुराड्याला खेटून इमारतींना परवानगी देणाऱ्यांचा दोष आहेच, आणि तो मोठा आहे. पण कारखान्याची जबाबदारी शेजारी कोण राहायला आलं त्याप्रमाणे वाढते. कमी होत नाही. रिकाम्या माळावर जो धोका चालून जायचा तो आता समोर शाळा असताना चालत नाही, एवढं तर घरात लहान मूल आल्यावर आपणही समजतो आणि रॉकेलचा डबा वर ठेवतो.

12. कंपनीचे सगळे अहवाल खरोखरच मर्यादेत आहेत. तरी आम्हाला त्रास होतोच. असं कसं?

असं होतं, आणि यात कोणी खोटं बोलत नसतं. मर्यादा एकेका धुराड्याला असते. श्वास मात्र सगळ्या धुराड्यांचा मिळून घ्यावा लागतो. ऐंशी कारखाने प्रत्येकी मर्यादेत राहिले तरी दरीतली हवा मर्यादेत राहीलच असं नाही. हे मोजायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने संपूर्ण औद्योगिक क्षेत्राचा एक निर्देशांक काढला. 70 च्या वर गेलं की अतिगंभीर. 2009 मध्ये चंद्रपूर 83.88 वर होतं आणि डोंबिवली 78.41 वर, 2018 मध्ये तारापूर 93.69.

शिवाय मर्यादा ही तडजोड असते. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी आपली वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 5. फुप्फुसाला कोणती लागू पडते ते उघड आहे. अशा ठिकाणी एकट्या कंपनीशी भांडून फारसं हाती लागत नाही. विस्ताराला परवानगी देऊ नये, अशी मागणी जनसुनावणीत करावी लागते.

13. विहिरीचं पाणी लाल झालंय, ऊस करपलाय. आधी कोणाकडे जाऊ?

आधी तलाठी आणि कृषी सहायक, आणि त्याच दिवशी पंचनामा. पाऊस पडला की पुरावा वाहून जातो. बोर्डाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. प्रांताधिकाऱ्यांना सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश काढता येतो (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 152), आणि तो रस्ता लोक विसरतात.

भरपाईसाठी हरित लवाद. आपल्याकडचं खंडपीठ पुण्यात आहे. मुदत सांभाळा: नुकसानभरपाईचा दावा कारण घडल्यापासून पाच वर्षांत, पर्यावरणाचा इतर वाद सहा महिन्यांत. आजाराबाबतचा पुरावा कसा जमवायचा ते प्रश्न 6 मध्ये.

14. कंपनीने दंड भरला. म्हणजे हिशेब मिटला?

दंडाचा आकडा पाहा. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात प्रदूषणाची पातळी, दिवस, कारखान्याचा आकार आणि जागा यांचा गुणाकार असतो. कमीत कमी रोज 5000 रुपये. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद काढली आणि 10 हजार ते 15 लाखांचा दंड ठेवला. मोठ्या कारखान्यात ईटीपीचं विजेचं बिल याहून जास्त येतं. ज्या दिवशी दंड प्रक्रियेपेक्षा स्वस्त पडतो, त्या दिवशी अकाउंट्सवाला काय सल्ला देईल हे सांगायला नको.

दंड सरकारकडे जातो. विहीर लालच राहते. प्रदूषण करणाऱ्याने जागा पूर्ववत करून द्यायची, हे तत्त्व वेगळं आहे. ते प्रश्न 16 मध्ये येतं.

15. जास्त बोललो तर कंपनी बंद होईल आणि गावातल्या पोरांच्या नोकऱ्या जातील.

बहुतेक गावांची मागणी बंदची नसतेच. व्हॉल्व्ह बंद करा, कारखाना नव्हे, एवढंच म्हणणं असतं. "बंद पडेल" ही भीती गावात कोण पसरवतं ते एकदा बघा. आणि त्या नोकऱ्यांपैकी कायम किती, कंत्राटी किती, गावातल्या किती, याचा आकडा ग्रामसभेत मागा.

16. कंपनी बंद पडली, विकली गेली, मालक परदेशात. आता कोणाला धरायचं?

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथे एच-ॲसिड नावाचं रसायन बनवणारे कारखाने थोडाच काळ चालले, पण विषारी गाळ उघड्यावर टाकून गेले. तो झिरपून आसपासच्या गावांतल्या विहिरी नासल्या. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धंदा बंद झाला तरी जमीन-पाणी स्वच्छ करायचा खर्च करणाऱ्यालाच द्यावा लागेल. खर्च ठरला 37 कोटी 38 लाखांच्या आसपास. कंपनी अर्जांवर अर्ज करत राहिली. 2011 मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याज लावलं, तेव्हा कुठे दिरंगाईही महाग पडू शकते हे दिसलं.

कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना अमेरिकेतून इथे आला, पाऱ्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर 2001 मध्ये बंद झाला. 591 माजी कामगारांशी कंपनीने समझोता केला तो 2016 मध्ये.

भोपाळचं उदाहरण सगळ्यात कडू. 1984 च्या वायुकांडानंतर 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. 2001 मध्ये युनियन कार्बाइड ही तिथली मूळ कंपनी डाऊ नावाच्या कंपनीने घेतली. कारखान्याच्या आवारातला 337 टन कचरा पिथमपूरला हलला तो जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. नवा मालक "ते आमच्या आधीचं" म्हणतो. पण कंपनी घेताना तिची जमीन, पेटंट, ब्रँड, येणी सगळं घेतलं जातं. मग तिचा गाळ तेवढा गावाचा कसा?

17. सरकारी कंपनीलाही हे सगळं लागू आहे का?

आहे. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारणारं महामंडळ सरकारीच होतं. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तोही सरकारी कंपनीचाच. फरक एवढाच, की तिथे तक्रार ऐकणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, दोघांच्या पगाराचं खातं एकच असतं.

18. गावाने कंपनीकडे लेखी मागायचं तर नेमकं काय मागायचं?

चार कागद मागा. कंपनीने दिले नाहीत तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात बोर्डाकडून घ्या. उत्तराची मुदत 30 दिवस.

पहिला, चालू संमतीपत्र. दुसरा, फॉर्म 5 मधलं वार्षिक पर्यावरण विवरण. ते दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत द्यावं लागतं, आणि त्यात कच्चा माल किती आला व कचरा किती निघाला हे असतं. वजाबाकी तुम्हीच करा. तिसरा, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, 30 जूनपर्यंतचं. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाकडून चौथा, अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल, 1 जून आणि 1 डिसेंबरचा.

कारखाना धोकादायक रसायनांच्या यादीतला असेल तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मागायचीही गरज पडू नये. 1989 च्या नियमांप्रमाणे, मोठा अपघात झाला तर ज्यांना झळ लागू शकते त्या लोकांना काय होऊ शकतं आणि त्यांनी काय करायचं, हे आधीच सांगून ठेवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. वायू सुटला तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला पळायचं, ओलं फडकं पुरेल की नाही, भोंगा किती वेळा वाजेल. गावातल्या पाच घरांत जाऊन विचारा, कोणाला माहीत आहे का.

काही गावांत भोंगा फक्त शिफ्ट सुटल्याचा म्हणून ओळखला जातो.